बाहेर ऐकू न जाणाऱ्या पेट्या

मेहकरच्या रेडिओच्या दुकानात जाऊन "तुमच्याकडे सगळ्यात कमी आवाजाचा स्पीकर कोणता?" असं विचारणारं मी बहुधा पहिलंच गिऱ्हाईक असेन. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायाशी ठेवलेल्या रिकाम्या टोपल्यांकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, मंग घेऊच नका. त्याच्याहून कमी आवाज कोनाचाच नाई."

मी हसलो असतो. एरवी असल्या बोलण्यावर मी दुकानदाराच्या पाठीवर थाप मारून चहा मागवला असता. पण त्या दिवशी मी चोरी करायला आलो होतो, आणि चोराला दुकानात बसून चहा गोड लागत नाही.

चोरी आवाजाची होती. ती कशी, ते सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. मेहकरपासून एसटीने जवळच आमचं गाव, नदीकाठी भाजीपाल्याचा मळा. गावात वीज आली आणि पाठोपाठ आमच्या घरात रेडिओ आला. मोठा, लाकडी, तापायला वेळ घेणारा. घरात आम्ही चौघं: बाबा, आई, मी आणि माझी नवीनच लग्न होऊन आलेली बायको. भिंतीपलीकडे माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आणि मोठीआई. एकच घर वाटणीत दोन झालं होतं. मधलं दार बुजवलं होतं, पण विटांनी नाही. तुराट्यांचा कूड घालून वरून शेणामातीने लिंपलं होतं. त्यामुळे तिकडे कोणी शिंकलं की इकडे आई "देवा" म्हणायची. रेडिओचं टेबल नेमकं या कुडाला लागून होतं, कारण विजेचं बटण तिथेच होतं.

वाटणीपासून मोठेबाबांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. भांडण असं नव्हतं. थोरल्याने धाकट्याच्या घरी जाऊन धाकट्याचा रेडिओ ऐकायचा, हे त्यांच्या पागोट्याला जमत नव्हतं, एवढंच. मोठीआई मात्र दिवसातून दहादा यायची. रेडिओ लागला की उठायची. म्हणायची, "तुमच्या डब्ब्यात कोन काय बोलते, मले काय करा लागते?" आणि पलीकडे जाऊन कुडाला पाठ लावून शेंगा सोलत बसायची. आम्हाला वाटायचं, तिथे गारवा असेल.

एकदा ती आईला म्हणाली, "त्या मास्तरच्या बायकोनं सासूचे दागिने दडवले व. दिसते कशी गरीब." आईने तेव्हापासून आमच्या गावच्या मास्तरांच्या बायकोशी बोलणं तोडलं. त्या बिचारीला कारण कधी कळलं नाही. हे दागिने पुढे लागणार आहेत, लक्षात ठेवा.

मग मोठेबाबा गेले. पोळ्याच्या आधी, मळ्यातून येऊन खाटेवर पडले ते उठले नाहीत.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही, तळण नाही, गाणंबजावणं नाही. आईने त्याच दिवशी रेडिओवर बाबांचं जुनं धोतर टाकलं आणि त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं, वात्रट पोराला कोपऱ्यात उभं करावं तसं. आम्ही मान्य केलं. मोठीआई भिंतीपलीकडे एकटी बसलेली, आणि आपल्या घरातून तबला ऐकू जायचा, ही कल्पनाच करवत नव्हती. तिने मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. आई मळ्यात असायची तेव्हा मी तिच्याच चुलीपुढे वाढलो. तिला ओरखडा उठेल असं काही आपल्या घरातून होऊ नये, एवढी एकच गोष्ट आम्हा चौघांना सांभाळायची होती.

ती आम्ही तेरवीपर्यंत उत्तम सांभाळली.

पहिला पाय बाबांचा घसरला. एका संध्याकाळी ते धोतराखालच्या रेडिओकडे बघत म्हणाले, "बातम्या ऐकल्या तं चालन का? बातम्या काई गानं नाई."

आई म्हणाली, "बातम्या चालतीन."

बातम्यांच्या मागे बाजारभाव आले. भाजीवाल्याला बाजारभाव म्हणजे औषधासारखे, त्याला कोण नाही म्हणणार. बाजारभावाच्या मागे शेतकऱ्यांसाठीच्या गप्पा आल्या. आणि त्या गप्पांनंतर, बटण बंद करायला कोणाचाच हात पुढे झाला नाही म्हणून, दर आठवड्याची कौटुंबिक नाटकमाला आली. आई कडक आवाजात म्हणाली, "हे तं नाटक होय."

माझी बायको नवी होती, पण हुशार होती. हळूच म्हणाली, "आत्याबाई, यात सगळे रडतातच."

आईने विचार केला. "रडत असतीन तं राहू दे."

अशा रीतीने दुःखाच्या नावाखाली करमणूक घरात शिरली. पण आवाज इतका बारीक ठेवायचा की चौघांनी रेडिओला डोकी चिकटवून बसायचं. बाबांना एका कानाने कमी ऐकू यायचं. त्यांचं डोकं सगळ्यात आत, त्यामुळे बाकीच्यांना बाबांचं टाळकंच ऐकू यायचं. बाबा "काय म्हनली?" विचारत आणि बटण थोडं फिरवत. आई परत मागे फिरवी. आणि प्रत्येक वेळी आम्ही चौघं कुडाकडे बघायचो.

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. गावातल्या नाटकात पडद्यामागून आवाज काढणारा मी माणूस. आवाजाचं थोडंफार मला कळत होतं. खोलीच्या एका टोकाला एकच मोठा स्पीकर असेल, तर दुसऱ्या टोकाच्या माणसापर्यंत पोचायला त्याला ओरडावं लागतं. पण प्रत्येकाच्या कानाजवळ एकेक लहान पेटी ठेवली, तर प्रत्येक पेटीने कुजबुजलं तरी भागतं. चार कोपऱ्यांत चार पेट्या. आमच्या रेडिओला मागे जादा स्पीकर जोडायची सोय होतीच. आवाज चारी बाजूंनी आपल्याभोवती, आणि भिंतीपलीकडे काही नाही. घरची टाकीज, आणि बाहेर पत्ता नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "चोरी करायची तं एवढी मेहनत कायले?" पण तिचे डोळे चमकले होते.

तर, दुकानात.

दुकानदाराने धंद्याच्या सवयीने आधी सगळ्यात मोठी पेटी काढली. लग्नात लोडाला टेकून बसलेल्या व्याह्यासारखी ती टेबलावर बसली. त्याने आवाज सोडला तशी काउंटरवरची कपबशी थरथरली.

"हे घ्या. आवाज पुऱ्या गल्लीत जाते."

"गल्लीत नाई जाऊ द्यायचा."

"मंग कुठंलोक जाऊ द्यायचा?"

"कानालोक."

त्याने मान हलवली आणि मधली पेटी काढली. मी म्हणालो, जरा थांबा. दुकानाला लागून एका शिंप्याचं दुकान होतं, मधे एक भिंत. मी जाऊन शिंप्याच्या मशीनजवळ उभा राहिलो आणि भिंतीला कान लावला. शब्द कळत नव्हते, पण ठेका येत होता, रांजणात भुंगा अडकावा तसा घूं घूं. शिंपी सुईत दोरा ओवत म्हणाला, "मी रोजच आयकतो. गानं कयत नाई, पण पाय आपसूक मशीन मारते."

तिथे मला निवडीचं मर्म सापडलं. भिंत ओलांडतो तो घुमारा. मोठ्या पेटीत घुमारा असतो, तिच्या पोटातून येतो. लहान पेटीला पोटच नसतं. मग मी दुकानदाराकडून एकेक लहान पेटी वाजवून घेतली आणि दर वेळी शिंप्याकडे धावलो. पत्र्याची वाजवली, तिचा चरचराट आला. पातळ लाकडाची वाजवली, थोडा गुणगुणाट आला. शेवटी दुकानदाराने फळीवरून पायलीएवढी एक पेटी काढली, धूळ झटकली. दवाखान्यासाठी मागवल्या होत्या, कोणी घेतल्या नाहीत, म्हणाला. ती वाजली. मी भिंतीला कान लावला, दुसरा कान लावला. काहीच नाही. शिंप्याला विचारलं, "काही येऊन राह्यलं का?"

शिंपी म्हणाला, "बंद पडला का रेडिओ?"

"अशा चार द्या," मी दुकानात येऊन म्हणालो. दुकानदाराने त्या बांधून देताना मला दोनदा विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

पेट्या मी टोपल्यांत घातल्या, वर बारदान झाकलं, आणि इथेच फसलो. भाजीवाल्याच्या टोपल्या बाजाराला भरून जातात आणि रिकाम्या परत येतात. भरलेली टोपली घेऊन गावाकडच्या एसटीत चढणारा माळी म्हणजे उलट्या दिशेने वाहणारी नदी. आमच्याच आळीतला एक म्हातारा शेजारी बसला होता. त्याने बारदानाकडे पाहिलं.

"भाजी इकली नाई का बे?"

"इकली ना."

"मंग टोपल्यात काय होय?"

"बियाणं," मी म्हणालो. तोंडाला येईल ते बोललो.

"कायचं?"

"फुलकोबीचं. नवीन जात आहे."

"एवढं? साऱ्या जिल्ह्यात लावतं का?"

उतरेपर्यंत मी त्याला त्या फुलकोबीचा रंग, आकार आणि किडीला न भिण्याचा स्वभाव असं सगळं सांगून बसलो होतो. खोटं बोलताना मला थांबता येत नाही. प्रेक्षक समोर असला की आणखी एक प्रवेश सुचतो.

पेट्या बसवल्या. एक फडताळात भांड्यांमागे, एक देवाच्या फोटोमागे, एक ज्वारीच्या कोठीवर, एक आईच्या उशाशी. रेडिओचा स्वतःचा स्पीकर सुटा केला. वायरी गोधड्यांखालून नेल्या. मग मी पलीकडे जाऊन, मोठीआईशी बोलायचं निमित्त करून, कुडाजवळ बसून खात्री करून आलो. एक अक्षर येत नव्हतं.

त्या आठवड्याचं नाटक आम्ही ऐकलं ते मी अजून विसरलो नाही. नाटकात पाऊस होता. तो फडताळात पडत होता, कोठीवर पडत होता, देवामागे पडत होता. आम्ही चौघं आमच्या जागी मोकळे बसून त्या पावसाच्या मधोमध होतो. बाबांनी डोळे मिटले. आईने पाय आखडून घेतले, भिजतील म्हणून. नाटकातला एक म्हातारा काहीतरी विनोदी बोलला आणि बायकोने पदराचा बोळा तोंडात कोंबला. आम्ही सगळे हसलो, आवाज न करता, खांदे हलवत. आणि हसून झाल्यावर एकमेकांकडे बघवेना.

पुढे ते तसंच चाललं. ऐकायचं, लाजायचं, परत ऐकायचं. नाटक संपलं की बाबा तोंडाला पाणी लावत, चेहरा लांब करत आणि अंगणात जाऊन भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा उसासा टाकत. आई मोठीआईला भाजी जास्त वाढून न्यायची. मी तर तिचं पाणी भरणं, लाकडं फोडणं, सगळं करू लागलो. जेवढं नाटक चांगलं, तेवढी लाकडं जास्त.

आणि मोठीआई दिवसेंदिवस विझत चालली होती. आधी ती निदान बोलायची. आता शेंगा सोलताना मधेच हात थांबायचे, मान कुडाकडे कलायची. तिने बायकोकडे लसूण मागितला. थोड्या दिवसांनी परत मागितला. तिच्या घरात लसूण जाळलेल्या तेलाचा वास यायचा, पण भाजीला फोडणी काही दिसायची नाही. एकदा मला म्हणाली, "तुह्या घरात आजकाल इतकं सामसूम काऊन रे?"

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मोठीआई, तुह्या दुःखात आम्ही कसे काय बोलणार?"

ती परत शेंगांकडे वळली. "हं," म्हणाली.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं की आपण माणसं नाही. ती म्हणाली, "मंग काढून टाका पेट्या." मी म्हणालो, "हा भाग होऊ दे." त्या भागात सून घर सोडणार होती.

त्याच भागाला मोठीआई आली. दार ढकलून सरळ आत. "गावभर बोभाटा आहे, तू फुलकोबीचं बियानं आनलं म्हनून. मले बी दाखवलं नाई. कुठी लावलं?"

रेडिओचं बटण खोलीच्या त्या टोकाला. मी उठलो तो वायरीत पाय अडकून गोधडीवर बसलो. बाबा खोकायला लागले. आईने भांडं आपटलं. बायको म्हणाली, "बसा ना, चहा ठेवते," आणि जागची हलली नाही. आमच्या या गोंगाटात खंड पडला, आणि नेमक्या त्याच क्षणी ज्वारीच्या कोठीवरून एक बाई स्वच्छ शब्दांत म्हणाली, "मी आता या घरात राहणार नाही."

मोठीआईने कोठीकडे पाहिलं. मग फडताळाकडे. मग देवाच्या फोटोकडे. हळूच खाली बसली. आम्ही चौघं माना खाली घालून. कोठीत दार आपटल्याचा आवाज झाला.

"मंग गेली का ते?" मोठीआई म्हणाली.

"कोन?" आई म्हणाली.

"सून. गेली का घर सोडून? दागिने तं तिनं नाई घेतले. ते त्या मास्तरच्या बायकोनं घेतले, मले मालूम आहे."

आईच्या हातातलं भांडं तिथेच राहिलं.

"वहिनी, तुम्ही ऐकत होते?" बाबांनी विचारलं.

"भिंतीतून. कईपासून. आमी दोघंबी. ते खाटेवर पडून राहत अन् म्हनत, मी झोपलो. मी विचारे, ऐकू येऊन राह्यलं का? ते म्हनत, नाई. मंग संपलं का कूस बदलत." "ते गेल्यावर तुमी धोतर टाकलं, ते बराबर होतं. मंग मधात थोडं थोडं येत होतं, तं मले बरं वाटे. अन् एक दिवस बंदच. सारं बंद. मले वाटलं माह्या कानालेच काई झालं. रोज लसनाचं तेल टाकून राह्यली मी."

लसूण. फोडणीत न दिसलेला लसूण.

मी त्या दिवसापर्यंत अपराधी होतो ते आवाज ऐकू जाईल म्हणून. शिंप्याच्या भिंतीला कान लावून लावून, जिल्ह्यात सापडणार नाहीत इतक्या चोख पेट्या मी निवडल्या होत्या, आणि त्या चोखपणाने तिच्या खाटेजवळचं जे शेवटचं उरलं होतं तेच उचलून आणलं होतं. याला कुठलं लाकूड फोडून भरपाई करायची, ते मला कळेना. पाया पडायला वाकलो तर ती म्हणाली, "पाय राहू दे. फुलकोबीचं एक रोप माह्या घरी बी लाव."

मी लगेच कोठीवरची पेटी उचलली आणि तिच्या हातात दिली. तिने कानाशी धरली, तोंड वाकडं केलं. "हे काय. मच्छर गुनगुनल्यावानी. याच्यात तो घुमारा नाई. भिंतीतून जसा गोल येये, तसा पाहिजे."

म्हणजे माझी सगळी निवड नापास.

नवं काही आणावं लागलं नाही. रेडिओचा जुना स्पीकर परत जोडला, आणि रेडिओचं तोंड भिंतीकडेच राहू दिलं, आईने दुखवट्यात फिरवलं होतं तसं. एवढे दिवस तो बरोबर दिशेलाच तोंड करून बसला होता. जीभ मी कापली होती. वरचं धोतरही आईने काढलं नाही. भाऊकीतलं कोणी विचारलंच तर सांगायला, की रेडिओ झाकलेला आहे. आणि मोठीआईला कोणी विचारलं, तर ती गंभीरपणे सांगायची, "नाई व, ते फुलकोबी होय."

आईने मास्तरांच्या बायकोला वांगी नेऊन दिली. कारण सांगितलं नाही.

त्यानंतर नाटक पलीकडे पोचू लागलं, पण कुडातून येताना एखादं वाक्य गळायचं. मग संपल्यावर भिंतीवर टकटक व्हायची. "काय म्हनली रे ते शेवटी?" मी टेबलाजवळ बसून, कुडाला तोंड लावून, तो सगळा प्रवेश परत करायचो. सासूचा आवाज, सुनेचा आवाज, दाराची कडी, पाऊस, सगळं. पलीकडे मोठीआई मधेच शिव्या द्यायची, सासूला. तिच्याच खाटेशेजारी एक रिकामी खाट आहे, हे मनात असायचं, म्हणून मी आवाज जरा भरदार काढायचो, दोन माणसांना पुरेल असा.

आणि एक सांगतो. पुढच्या एका भागात सून माहेरच्या गाडीत बसलीच, ते वाक्य नेमकं कुडात गळलं, आणि मला ते पलीकडे सांगवेना. मी तिला बसस्थानकावरून परत आणली. सासूने मिठी मारली, दागिने सापडले, सगळं माझ्या पदरचं. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मला पुन्हा तेच चोरासारखं वाटू लागलं, जे पेट्या आणल्यापासून वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात नाटक संपताच टकटक झाली.

"काऊन रे," भिंत म्हणाली, "मांगच्या खेपी तं ते घरी आलती. मंग आज माहेराहून चिठ्ठी कशी लिहून राह्यली?"